छाप्याची गिटार : बोर्ड गेले, पण हात शाबूत आहे

हिवरा आश्रम (ता. मेहकर) : इथल्या विवेकानंद जयंती उत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरनं वाढला जातो, हे जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. पंगतीत बसलेल्याची नजर पानावर असते, ट्रॉलीकडे कोण पाहतो? पण आपल्या भागातल्या ट्रॉल्यांचे फाळके एकदा नीट पाहा. कमळ, मोर, वेलबुट्टी अन् मालकाचं नाव. यातलं बरंच काम कुंचल्यानं नव्हे, तर छाप्यानं होतं. पत्रा कापायचा, फाळक्याला लावायचा अन् वरून रंगाचा फवारा मारायचा. आपल्या बाया दारात रांगोळीचा छापा वापरतात, त्याचाच हा थोरला भाऊ.

भिंतीवरची निवडणूक चिन्हं, पोत्यांवरचे मार्के, दुकानांचे बोर्ड, अशी या छाप्यांवर पेंटरची वर्षं निघत. पुढं फ्लेक्स आला अन् बोर्डाचं काम बसलं. छापे मात्र पेटीत तसेच आहेत. या हाताला नवं काम कोणतं, असा विचार करताना गिटार आठवली. शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नाचे ऑर्केस्ट्रा यांमुळे हे वाद्य आता खेड्यातही दिसतं. बहुतेक घरी ते स्वस्तातलं, वर्षा-दोन वर्षांत पोपडे निघालेलं असतं.

गिटार शहरी खरी, पण छाप्याची गिटार शेतकऱ्याचीच. अमेरिकेत १९३० च्या दशकात सीअर्स रोबक कंपनी टपालानं माल विकायची अन् तिची मोठी गिऱ्हाइकी खेड्यापाड्यात होती. शिकागोचा हार्मनी कारखाना १९१६ पासून तिच्याच मालकीचा. सिनेमातला गाणारा गुराखी जीन ऑट्री याच्या नावाच्या गिटारी तिनं विकल्या. त्यांच्या दर्शनी फळीवर गुराख्याचं चित्र छाप्यानं उठवलेलं असे. शिंपल्याची जडवणूक महाग, छापा स्वस्त, एवढाच हिशोब. आपल्याकडे मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या भोपळ्यावरच्या नक्षीला कारागिराची वर्षानुवर्षांची बैठक लागते. छाप्याला तेवढी लागत नाही.

मात्र गिटार म्हणजे ट्रॉली नव्हे. फाळक्यावर रंगाचे चार थर चढले तरी बिघडत नाही. गिटारीची दर्शनी फळी अडीच-तीन मिलिमीटरची असते. ती थरथरते म्हणून आवाज निघतो. तिच्यावर जाड रंग थापला की आवाज दबतो, मग नक्षी काय चाटायची? म्हणून हात बसेपर्यंत पाठीवर अन् कडांवरच काम करावं. आधी प्लायवुडच्या तुकड्यावर सराव करावा, लोकाच्या चांगल्या वाद्यावर नव्हे.

तारा काढाव्यात, भोकात कागद कोंबावा. बोटं फिरतात ती पट्टी अन् तारा अडकवायची घोडी टेपनं झाकून घ्यावी. घोडी निघालेली असेल तर तिच्या जागी रंग बिलकूल नको. ती उघड्या लाकडालाच चिकटते, रंगावर बसवली तर तारांच्या ताणानं उखडते. २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून घ्यावं, पुढं ४०० नं हात फिरवावा. मग अस्तर आणि त्यावर मूळ रंग.

पत्र्याचा छापा गोल कडेवर बसत नाही. तिथं जुनी एक्सरेची फिल्म किंवा रेडियमवाल्याकडून कापून घेतलेला स्टिकर बरा. स्टिकरखालचा रंग पुरता वाळलेला हवा, नाहीतर स्टिकरसोबत तोही निघतो. देवनागरी अक्षरात आणखी एक भानगड आहे. ‘व’ कापला की त्याचं पोट गळून पडतं; तिथं बारीक पट्टी राखावी लागते. बोर्ड लिहिणाऱ्याला हे शिकवायला नको.

छाप्याच्या कडेखाली रंग झिरपतो, ही नेहमीची तक्रार. त्यावर युक्ती अशी, की छापा चिकटवल्यावर आधी मूळ रंगाचाच हलका फवारा मारावा. फट त्यानं बुजते. मग नक्षीचा रंग आठ-दहा इंचांवरून, अगदी पातळ, दोन-तीन वेळा. एकाच दमात भिजवलं की ओघळ आलाच.

ऑइलपेंटवर ड्यूको मारण्याचा मोह नको. थिनरनं खालचा रंग सुरकुततो. पावसाळी दमट हवेत ड्यूकोवर पांढरट झाक येते. आपल्या वैशाखाच्या उन्हात फवारा लाकडावर पडण्याआधीच हवेत सुकतो अन् अंग खरखरीत होतं. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकावं, तेही उघड्यावर, सावलीत. थिनरजवळ बिडी नको. तोंडाला नुसता रुमाल बांधून वाफ अडत नाही, गाळणीचा मास्क घ्यावा.

शेवटचा चकचकीत हातही पातळच असावा. तो वरून तासाभरात सुकल्यासारखा वाटतो, पण आतून ओलाच असतो. तारा चढवायला दोन आठवडे तरी थांबावं. उत्सवाला वाजवायची असेल तर कामाला दिवाळीनंतर लगेच हात घालावा.