विसर्जनानंतरची पहाट

29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. वाजतगाजत गणपती बोळवून किल्लारी परिसरातली गावं उशिरा झोपली. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती अन् माळवदांचं ओझं निजलेल्यांवर कोसळलं. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली.

रानात मात्र खरीप उभा होता.

पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. एक दुखणं इथंच होतं! जुन्या गल्लीत ओट्यावर टाळ वाजला की शेजार आपसूक जमायचा. नव्या गावात त्यासाठी चालत जावं लागलं. तरी माणसं भजनाला गेली, गणपतीही पुन्हा बसले. 30 सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी श्रद्धांजली वाहिली जाते.