अडीच ड्रम पाण्यावरचं घर
कालव्यातल्या बोटीवर राहण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

तेल्हाऱ्यात कालवा म्हटलं की वान प्रकल्पाचा कालवा डोळ्यांपुढे येतो. वारी भैरवगडच्या हनुमान सागरातून पाणी सुटतं, गहू-हरभऱ्याची पाळी होते आणि पाणी बंद झालं की कालवा कोरडा पडतो. अशा गावातलं पोरगं इंग्लंडला शिकायला गेलं आणि फोनवर म्हणालं, "इथं लोक कालव्यात बोटीवर राहतात, घरभाडं वाचतं, मीही बघतोय," तर आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काऊन बाप्पा, पाणी बंद झालं का मंग बोट चिखलात बसते काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. बोटीवर राहण्याचं आकर्षण वाटणाऱ्यांच्या डोक्यात बरेच समज पक्के असतात आणि त्यातले निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गळून पडतात. म्हणून आजोबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

गैरसमज : कालवा सगळीकडे सारखाच

वस्तुस्थिती : आपला कालवा उतारावरून पाणी शेतापर्यंत नेतो, म्हणून तो वाहता असतो. इंग्लंडचे कालवे मालवाहतुकीसाठी खणलेले. वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेणारा ब्रिजवॉटर कालवा 1761 मध्ये सुरू झाला आणि पुढे देशभर जाळं पसरलं. या कालव्यांत पाणी जवळजवळ स्थिर असतं. चढ आला की 'लॉक' लागतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरून किंवा सोडून तिला वर-खाली करायचं. थोडक्यात, हा पाण्याचा जिना.

तिथेही पाणी फुकट नाही. एका अरुंद लॉकमधून बोट पार होताना सुमारे एक लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात जातं आणि ते वरच्या जलाशयांतून भरून काढावं लागतं. पाऊस कमी झाला की लॉकला कुलूप लागतं. 2025 च्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे मोठे पट्टे बोटींसाठी बंद ठेवावे लागले होते. म्हणजे आजोबांची शंका अगदीच फोल नव्हती.

कालव्यात बोट चालवणं ही फक्त विलायतेची गोष्ट आहे, असंही नाही. 1854 मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यावर लॉक बांधलेले होते आणि आंध्रात गोदावरीच्या कालव्यांतून भाताच्या बोटी चालत. वानचा कालवा मात्र निव्वळ सिंचनाचा. त्यात बोटीचं स्वप्न बघू नये.

गैरसमज : ही बोट म्हणजे काश्मीरची हाउसबोट

वस्तुस्थिती : दाल सरोवरातली हाउसबोट एका जागी बांधलेली असते, रुंद आणि नक्षीदार. इंग्लंडची 'नॅरोबोट' नावाप्रमाणेच अरुंद, कारण तिथले बरेच लॉक सात फुटांचे आहेत. बोटीची बाहेरची रुंदी 6 फूट 10 इंच, आत त्याहून कमी. लांबी मात्र 50-60 फूट, काहींची 70 च्या पुढे. आपल्या जुन्या वाड्यातल्या बोळात स्वयंपाकघर, न्हाणी आणि झोपायची खोली एकामागे एक मांडली तर जसं दिसेल, तसं हे घर. एकजण चुलीपाशी उभा असला की दुसऱ्याने मागच्या मागे थांबायचं.

पूर्वी याहून वाईट होतं. रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले, मजुरी घटली. तेव्हा किनाऱ्यावरच्या घराचं भाडं वाचवायला नावाड्यांनी बायकापोरांना बोटीवर आणलं. माल पुढे आणि अख्खं कुटुंब मागच्या दहा फुटांच्या खोपट्यात. या मुलांच्या हालांवर कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने रान उठवलं आणि 1877 मध्ये कॅनॉल बोट्स कायदा झाला. एका बोटीत किती माणसांनी राहायचं, याला प्रथमच मर्यादा आली. भाडं वाचवायला बोटीवर राहणं हे आजचं खूळ नाही.

गैरसमज : बोटीवर राहणं फुकटात पडतं

वस्तुस्थिती : भाडं वाचतं, खर्च वाचतोच असं नाही. इंग्लंड-वेल्समधले सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग 2012 पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. तिचा परवाना दरवर्षी काढावा लागतो. विमा लागतो. दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप द्यावा लागतो, नाहीतर लोखंड गंजून पत्रा पातळ होतो. शिवाय डिझेल, गॅस, कोळसा.

बोट घेताना तिचा रंग पाहून भुलू नये. तपासनीसाकडून तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्यावी. बैल घेताना आपण दात बघतो, तसंच हे. घरासाठी मिळतं तसं कर्जही बोटीला सहज मिळत नाही. शिवाय बोटीखाली जमीन नसते, म्हणून वर्षं जातील तशी किंमत चढेल, या भरवशावर राहू नये.

बोट भाड्याने घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अशी बोट भाड्याने द्यायला मालकाकडे वेगळा व्यवसाय परवाना लागतो. तो नसेल तर अनामत रक्कम हातावर ठेवू नये.

गैरसमज : वाटेल तिथे बांधा आणि राहा

वस्तुस्थिती : दोन मार्ग आहेत. एक तर पैसे भरून कायमचा धक्का घ्यायचा. तो घेतानाही विचारायचं, की इथे बारमाही राहायला परवानगी आहे, की फक्त बोट ठेवायला? दुसरा मार्ग धक्क्याशिवाय फिरत राहण्याचा. त्याला 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याची अट आहे. एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, काही ठिकाणी तर त्याहून कमी. आणि खरोखर प्रवास करत राहायचं. दोन पुलांमध्ये मागे-पुढे करून भागत नाही.

आपल्याकडच्या धनगराच्या वाड्यासारखं आयुष्य म्हणा ना. कॉलेज मात्र एका जागी असतं. बोट पुढे सरकत जाते आणि दर पंधरवड्याला बसचा मार्ग बदलतो. विद्यापीठ, बँक, इमिग्रेशन खातं, सगळ्यांना चालू पत्ता हवा असतो. "कालव्यात, तिसऱ्या पुलाजवळ" हा पत्ता चालत नाही. ही सोय आधी लावावी, बोट नंतर बघावी.

गैरसमज : पाण्यावरच राहायचं, मग पाण्याची काय चिंता?

वस्तुस्थिती : इथे खारपाणपट्ट्यातला माणूस हसेल. विहीर भरलेली आणि पाणी तोंडात घेववत नाही, हा अनुभव त्याला नवा नाही. कालव्याचं पाणी पिण्याचं नाही. त्यातून उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसही होऊ शकतो. हातापायाला जखम असेल तर ती झाकावी आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

वापरायचं पाणी बोटीच्या टाकीत असतं. टाकी लहानमोठी असते, आपण 500 लिटर धरू, म्हणजे आपले अडीच ड्रम. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटरचं माप धरलं आहे. त्या हिशेबाने दोन माणसांना ही टाकी पाच दिवसही पुरत नाही. आठवडा काढायचा तर माणशी 35 लिटरवर यावं लागतं. शॉवरखाली उभं राहणाऱ्याला ते जमत नाही, बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्याला जमतं. टाकी संपली की बोट हाकत नळाच्या ठिकाणी जायचं, तिथे रांग असली तर थांबायचं. थंडीत नळ आणि कालवा दोन्ही गोठू शकतात, म्हणून हवामानाचा अंदाज पाहून टाकी आधीच भरून ठेवावी.

गैरसमज : घाण कालव्यातच जात असेल

वस्तुस्थिती : नाही. संडासाची टाकी बोटीतच असते. काहींची पेटीसारखी, उचलून नेमून दिलेल्या जागी रिकामी करायची. काहींची मोठी, पंपाने उपसून घ्यायची. हे काम दुसरं कोणी करत नाही, बोटीवर राहणाऱ्यानेच करायचं. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी मात्र थेट कालव्यात जातं. त्यामुळे साबण सौम्य हवा आणि तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही.

गैरसमज : सौर पॅनल लावलं की वीज आलीच

वस्तुस्थिती : उन्हाळ्यात हो. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचा, सूर्य खाली, वर ढग. तेव्हा बॅटऱ्या भरायला इंजिन चालवावं लागतं आणि तेही रात्री 8 ते सकाळी 8 चालवायचं नाही, असा ट्रस्टचा नियम आहे.

भारनियमनात इन्व्हर्टरवर दिवस काढलेल्याला हे गणित लगेच कळेल. 110 अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती उरतात 55. साडेसातशे वॅटचा मिक्सर 12 व्होल्टच्या बॅटरीतून साठेक अँपिअर ओढतो. पण चटणी दोन मिनिटांत वाटून होते, त्यामुळे इन्व्हर्टर पुरेसा मोठा असला की तो परवडतो. 700 वॅटचा विजेचा कुकर अर्धा तास लावला तर जवळपास 30 अँपिअर-तास जातात. एका वेळच्या भातात अर्धीअधिक वीज संपली! म्हणून भात गॅसवर करायचा.

गैरसमज : थंडी वाजली की खिडक्या गच्च लावून शेगडी पेटवायची

वस्तुस्थिती : बोटीवर जीव जातात ते बहुतेक बुडूनच, असं वाटतं. धूर नसलेला विषारी वायूही तितकाच शांतपणे जीव घेतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. बोट तर त्या खोलीहून लहान. म्हणून 2019 पासून तिथे कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म सक्तीचा झाला. बोटीतल्या लोखंडी चुलीला धुराडं असतं, ते साफ ठेवायचं. वाऱ्याची भोकं कितीही गार वारा आला तरी बुजवायची नाहीत. वरण-भाताची वाफही त्याच भोकांतून बाहेर जाते, नाहीतर रात्री छतावरून थेंब टपकतात आणि गादीखाली बुरशी धरते.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर तो उंबऱ्यावरून बाहेर पडू शकतो. बोट मात्र परातीसारखी, तळाशी साचलेला गॅस बाहेर पडायला वाटच नाही. म्हणून सिलिंडर बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतात. तो उचलून 'सोयीसाठी' आत आणू नये.

गैरसमज : चार फूट पाण्यात कोण बुडतं?

वस्तुस्थिती : तिथला कालवा बहुतेक ठिकाणी तीन-चार फूटच खोल असतो. पण पाणी बर्फगार, अंगावर जाड कपडे, कडा निसरडी. बोट आणि काठ यांच्या फटीत पाय घालू नये, आणि टनांनी वजन असलेली बोट पायाने ढकलून थांबवू नये. सगळ्यात धोका लॉकमध्ये. उतरताना वरच्या दाराखालच्या ओट्यावर बोटीची शेपटी अडकली आणि पाणी उतरत राहिलं, तर बोट तिरकी होऊन बुडते. बोट पुढे ठेवायची आणि लक्ष ढळू द्यायचं नाही.

'कालव्यात बुडत नाही' हा समज घेऊन सुट्टीत गावी आलेल्याने वानच्या कालव्यात उतरू नये. इथे पाणी वाहतं, अस्तरीकरणाच्या उतारावर पाय ठरत नाही आणि पुढे नळकांडी पूल असतो.

गैरसमज : शनिवार-रविवारी सहज बर्मिंगहॅमला जाऊन येऊ

वस्तुस्थिती : वेगमर्यादा ताशी चार मैल, म्हणजे पायी दिंडीची चाल. लंडन ते बर्मिंगहॅम ग्रँड युनियन कालवा 137 मैलांचा, वाटेत 166 लॉक. मैल आणि लॉक यांची बेरीज करून तासाला तीन धरायचे, असा बोटवाल्यांचा ढोबळ हिशेब. 303 भागिले तीन म्हणजे 101 तास. रोज सहा तास चाललं तरी सतरा दिवस.

मग घ्यावी की नाही?

बोट बघायला जाण्याआधी एक परीक्षा घरीच देता येते. घरातलीच एक अरुंद खोली निवडा. अडीच ड्रम पाणी भरा आणि दोघांनी आठवडाभर तेवढ्यावरच राहा. रात्री इन्व्हर्टरवर एक दिवा आणि मोबाईलचं चार्जिंग, एवढीच वीज. रोज किती तांबे पाणी आणि किती वीज गेली, ते वहीत लिहा. सातव्या दिवशी ड्रमच्या तळाशी पाणी उरलं आणि दोघांत अबोला नसला, तर खुशाल बोटीची चौकशी करा.

जिच्या घरी टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे गेले, त्या आजीला मात्र ही परीक्षा द्यायला सांगू नका. ती विचारेल, "अडीच ड्रम? अन् हप्ताच काढाचा? मंग त लय झालं."