शंख कुठे ठेवलेत?

आज पिल्लांच्या खाण्याबद्दल लिहायचं होतं. पण सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि बेत बदलला. त्यांनी तीन फुटी टाकीत ऑसेलेटस या शंखात राहणाऱ्या माशाचा एक नर आणि दोन माद्या सोडल्या. शंख सहा टाकले, म्हणजे डोई दोन. तरी चौथ्या दिवशी धाकटी मादी फिल्टरच्या नळीमागे जाऊन बसली, शेपूट कुरतडलेली. शंख आणखी वाढवू का, असं ते विचारतात.

वाढवू नका. आहेत तेच हलवा.

फोटोत सहाही शंख एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून दिसतात. आपण मोजले तर ते सहा, पण मोठ्या मादीच्या लेखी ते एकच घर. आपल्या शंखाभोवतीची वीत-दीड वीत जागा ती कुणाला देत नाही, आणि त्या जागेत आणखी पाच शंख पडले असतील तर तेही तिचेच. तीन शंख एका टोकाला ठेवा, तीन दुसऱ्या टोकाला, आणि मधे निम्म्या उंचीचा दगड उभा करा. दोघी एकमेकींच्या नजरेआड झाल्या पाहिजेत. धाकटीला शेपूट भरून येईपर्यंत वेगळी ठेवा आणि नंतर नव्या मांडणीत दोघींना एकाच वेळी सोडा. मोठी आधीपासून आत असेल तर सगळी टाकी तिचीच होऊन बसते.

एवढ्याशा माशाला इतका राग येतो तो त्याच्या गावामुळे. टांगानिका सरोवराच्या तळावर जिथे नुसती वाळू आहे तिथे लपायला दगड नाही, कपार नाही. मात्र निओथॉमा नावाच्या गोगलगायीचे रिकामे शंख आहेत. पाण्याचा पीएच ९ च्या आसपास आणि चुना भरपूर, त्यामुळे गोगलगाय मेली तरी शंख विरघळत नाही. पाच-सहा सेंटिमीटरच्या माशाला तोच आसरा आणि मादीला तीच बाळंतिणीची खोली. ती आत अंडी घालते, नर शंखाच्या तोंडाशी राहून ती फळवतो.

शंख पुरण्याचं काम एकदा तरी जवळ बसून पाहा. मादी तोंडात वाळू भरते, चार बोटं दूर नेऊन थुंकते, पुन्हा येते. मग शंखाखाली अंग घालून थरथरते. वाळू सरकते आणि शंख केसभर खाली बसतो. असं तासन्‌तास चालतं. शेवटी वर राहतं फक्त शंखाचं तोंड, वाळूच्या पातळीला. माझ्या पहिल्या टाकीत जाडी खडी होती. तिथे आठ महिने एकही अंडं पडलं नाही. बारीक वाळूचा सहा सेंटिमीटर थर दिला आणि तिसऱ्या आठवड्यात शंखाच्या तोंडाशी पिल्लं दिसली.

शंख विकत आणायलाच हवेत असं नाही. भातखाचरातल्या मोठ्या गोगलगायीचे रिकामे शंख मी वर्षानुवर्षं वापरतो. उकळायचे, आत काही सडलेलं राहिलं नाही ना ते वास घेऊन पाहायचं, आणि फुटक्या कडेचे टाकून द्यायचे. सोलापूरकरांना बोअरचं जड पाणी या माशांसाठी आयतंच मिळालंय. आम्हा पुणेकरांना नळाच्या पाण्यात संगमरवराचा चुरा घालावा लागतो.

पिल्लांचं खाणं पुढच्या रविवारी, नक्की. तोवर आर्टेमियाची अंडी आणून फ्रिजमध्ये ठेवा.