कोल्हा, रानडुक्कर आणि बंदुकीचे माप

शेतीवाडी राखून असलेल्या एकत्र कुटुंबांतून एक प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. मळ्यात कोल्ह्यांचा व रानडुकरांचा उपद्रव आहे. घरातील तरुण मंडळी म्हणतात, एक रायफल घेऊ या. तर ती कोणत्या मापाची घ्यावी? तरुणांनी अमेरिकन शिकाऱ्यांचे लेख वाचलेले असतात आणि ०.२२३, ०.२४३ असे आकडे त्यांच्या जिभेवर नाचत असतात. वडीलधाऱ्यांस त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. परंतु घरात हत्यार आणावयाचे की नाही, याचा निर्णय मात्र त्यांनाच द्यावा लागतो. विषय न समजता दिलेला होकार घातक, आणि न समजता दिलेला नकार फोल. कारण तो तरुणांना पटत नाही. यास्तव आम्ही हा विषय मुळापासून मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम आकड्यांचा अर्थ पाहू. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्यांना आटे म्हणतात. त्यांतून जाताना गोळीला गिरकी मिळते, आणि फिरता भोवरा जसा आरीवर स्थिर राहतो तशी ती गोळी हवेतून डळमळू न देता सरळ जाते. रायफलीचे माप म्हणजे स्थूलमानाने या नळीचा अंतर्व्यास होय. ०.२२ म्हणजे इंचाचे बावीस शतांश, सुमारे ५.६ मिलिमीटर, शाळकरी पेन्सिलीहूनही बारीक. काडतुशी बंदुकीची नळी मात्र आतून गुळगुळीत असते आणि तिचे मोजमापही निराळे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. म्हणून येथे आकडा मोठा तेवढी नळी लहान, हे ध्यानात ठेवावे.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. आमच्या पिढीला ते तोळ्यावरून चटकन समजते, कारण इंग्रजी अमदानीतील तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. साध्या ०.२२ ची गोळी बहुधा ४० ग्रेनांची, म्हणजे पाव तोळ्याहूनही हलकी. मोठ्या ०.३० मापाच्या रायफलीची १८० ग्रेनांची गोळी म्हणजे पुरता एक तोळा शिसे व तांबे. परंतु आघात केवळ वजनावर अवलंबून नसतो. वजन दुप्पट केले तर आघाताची शक्ती दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. पदार्थविज्ञानाचा हा एवढा नियम ध्यानात घेतला की अमेरिकन शिकाऱ्यांच्या साऱ्या चर्चेचे मर्म कळते.

त्यांचा शिकारविषय म्हणजे कोयोट. हा आमच्या कोल्ह्याचा चुलतभाऊ, अंगाने त्याहून थोराड. तिकडील मेंढपाळ त्याला शत्रू मानतात. विस्तीर्ण माळावर दोनशे-तीनशे यार्डांवर उभ्या असलेल्या या सावध प्राण्यास टिपावयाचे, तर गोळी हलकी व अतिशय वेगवान हवी, असे त्यांना आढळून आले. १९३० च्या सुमारास ०.२२ हॉर्नेट हे काडतूस पुढे आले. १९३५ मध्ये आलेल्या ०.२२० स्विफ्टच्या गोळीने सेकंदाला ४,००० फुटांचा वेग ओलांडला. पुढे ०.२४३ विंचेस्टर १९५५ त, ०.२२३ रेमिंग्टन १९६४ त आणि ०.२२-२५० रेमिंग्टन १९६५ त बाजारात आले. या काडतुसांत दोन गुण सांगतात. एक, वेगामुळे गोळीचा मार्ग जवळजवळ सपाट राहतो आणि अंतराचा अदमास थोडा चुकला तरी नेम चुकत नाही. दुसरा, गोळीचे कवच पातळ असल्याने ती जमिनीवर आपटताच बहुधा फुटून जाते. टप्पा घेऊन दुसरीकडे उसळण्याचा संभव कमी होतो. या दृष्टीने पाहता, निरुपद्रवी समजली जाणारी साधी ०.२२ दगडावरून वा पाण्यावरून वाईट रीतीने उसळते.

येथपर्यंत तरुणांचे म्हणणे सयुक्तिक आहे. परंतु त्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि ती म्हणजे कोयोटच्या मागचा तो ओसाड माळ. गोळी प्राण्याला लागली नाही तर ती कोठे जाते? साध्या ०.२२ ची गोळी वर तोंड करून सुटली तर सव्वा ते दीड मैल जाऊ शकते. म्हणजे रंकाळ्याच्या काठावरून सुटलेली गोळी अंबाबाईचे देऊळ ओलांडून पलीकडच्या पेठांत पडेल! ०.२२३ ची मजल दोन मैलांहून अधिक, आणि ०.३० मापाच्या मोठ्या रायफलीची तीन मैलांच्या आसपास. आता करवीर, हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांकडे पाहावे. तीन मैलांच्या वर्तुळात वस्ती नाही, शाळा नाही, गुऱ्हाळ नाही, ऊसतोडणीची टोळी नाही, अशी जागा दाखविता येईल काय?

त्यातून आमचे पीक ऊस. पुरुषभर उंचीच्याही वर गेलेल्या उसात चार हातांपलीकडचे दिसत नाही. डुक्कर येते रात्री; आणि शेतीपंपांना वीजही पुष्कळदा रात्रीच मिळत असल्याने शेजारचा शेतकरी त्याच वेळी पाणी पाजण्यास सरीतून फिरत असतो. पाला खसखसला, दोन डोळे चमकले, एवढ्या पुराव्यावर बार काढणारा मनुष्य नेमके काय मारीत असतो? वासराचे डोळे चमकतात, कुत्र्याचेही चमकतात. रामायणातील दशरथाची कथा या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. शरयूच्या काठी काळोखात घडा बुडाल्याचा शब्द त्याने ऐकला, हत्ती पाणी पीत आहे असे मानले आणि बाण सोडला. धनुर्विद्येत तो उणा नव्हता. शब्दवेध ही तर त्याची कीर्ती. अनर्थ झाला तो समोर काय आहे हे न पाहता बाण सुटल्यामुळे. उत्तम रायफल आणि उत्तम नेम यांनीही तो दोष झाकत नाही.

कायद्याने याचा विचार फार पूर्वीच करून ठेविला आहे. या देशात बंदुकीचे माप नेहमी जनावर पाहून ठरले असे नाही. ते राज्यकर्त्यांनीही ठरविले. सैन्याची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने इंग्रज सरकारने १९०७ च्या सुमारास ०.४५० माप हिंदुस्थानात बंद केले, तेव्हा विलायतेतील कारागिरांनी ०.४७० सारखी नवी मापे काढली. लष्करी ०.३०३ ही खाजगी माणसास मना. म्हणून शिकारी लोकांच्या हाती ०.३१५ आली, आणि ईशापूरच्या कारखान्यातही ती होऊ लागली. १९५९ चा शस्त्र कायदा तर पीकरक्षणाच्या प्रकरणी स्पष्टच आहे. त्याच्या १३ व्या कलमात पीकरक्षणाकरिता ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आट्यांच्या रायफलीचे नाव तेथे नाही.

यात शहाणपण आहे. छऱ्याचा व्यास इंचात घेऊन त्यास २,२०० ने गुणावे, म्हणजे तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते निघते, असा एक जुना ठोकताळा आहे. सहा नंबरचा बारीक छर्रा इंचाच्या अकरा शतांशाचा. तो अडीचशे यार्डांच्या आत पडतो. एस. जी. चा टपोरा छर्रा तेहतीस शतांशाचा. तो सातशे-सव्वासातशे यार्ड जातो. डुकरावर त्याचा भरवशाचा मारा मात्र पस्तीस-चाळीस यार्डांचाच. म्हणजे ही बंदूक चालविणाऱ्यास जवळ जावे लागते, आणि जवळ गेलेल्यास समोर काय आहे ते दिसते.

परंतु परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आला आहे. पिकाचे नुकसान हे त्याला मारण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि गुन्ह्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्यापासून उभ्या पिकास धोका आहे अशी खात्री झाल्यास वनखात्याचा अधिकारप्राप्त अधिकारी कारणे नमूद करून लेखी हुकूम देऊ शकतो. हुकूम आधी, बार मागाहून, हा क्रम कोणी उलटा करू नये.

कोल्ह्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो. संस्कृतात त्याला शृगाल, जंबुक, क्रोष्टा अशी नावे असून पंचतंत्रातील करटक व दमनक हे कोल्हेच. धूर्तपणाबद्दल तो बदनाम आहे. कोंबडी नेतो, क्वचित कोकरूही नेतो, हे आम्ही नाकारीत नाही. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण मळेकऱ्यांनीच केली असावी. परंतु त्याच्या आहारात उंदरांचा वाटा मोठा असतो, आणि उसाच्या बुडख्याशी दात लावणारा उंदीर मळ्याचे काय करितो हे ऊसकऱ्यास सांगावयास नको. कोंबड्यांचे खुराडे पक्के केले की कोल्हा हा बिनपगारी राखणदार ठरतो. अमेरिकेत तर शतकभर बंदूक, सापळे व विष यांचा मारा होऊनही कोयोट हटला नाही. उलट पूर्वी जेथे नव्हता त्या प्रांतांतही तो पसरला आहे.

रानडुकराचा प्रश्न निराळा आणि खरोखर कष्टाचा आहे. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या डोंगरी भागांत एका रात्रीत भुईमुगाचे वा भाताचे शेत नांगरल्यासारखे होते, तेव्हा शेतकऱ्याचा संताप आम्हांस कळतो. त्याने नुकसानीचा पंचनामा करवून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा, कुंपणाकरिता भावकीने एकत्र यावे, माळ्यावरची राखण पाळीपाळीने करावी. मात्र कुंपणात घरची वीज सोडणे आणि गावठी बॉम्ब पेरणे ही अधम कृत्ये आहेत. त्यांत गुरे, कुत्री व माणसेही मरतात.

कोल्हापूरला शिकारीची परंपरा मोठी. दरबारी चित्त्यांकडून काळवीट धरविण्याची येथील कला सर्वत्र प्रसिद्ध होती. परंतु याच भूमीत दाजीपूरचे रान १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले, आणि रायफलीचा नादही दुसऱ्या वाटेने फळास आला. दुधाळीच्या मैदानावर नेम शिकलेल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. दोघांच्या हाती होती तीच साधी ०.२२. पन्नास मीटरांवरील त्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरांचे असते. आणि त्याच्या मागे गोळी अडविणारा बंदिस्त आडोसा असतो.

तेव्हा घरच्या तरुणास रायफलीची खरी हौस असेल, तर त्यास मळ्यावर न पाठविता मैदानावर पाठवावे, आणि ०.२२ पासून आरंभ करू द्यावा. पीकरक्षणाकरिता बंदूक घेणे अपरिहार्यच झाले, तर गुळगुळीत नळीची घ्यावी. घरात बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या कर्त्या माणसाच्या कनवटीस असाव्यात. मुले, पाहुणे व गडीमाणसे यांच्या हाती त्या कदापि पडू नयेत. नळी रिकामी आहे असे समजून कोणाकडेही रोखू नये. आणि मापाविषयी ज्याला विचारावयाचे असेल त्याने वडिलांना आधी हे सांगावे, की मळ्याच्या कोणत्या बांधावर उभे राहून, कोणत्या दिशेस बार काढावयाचा, आणि त्या दिशेस तीन मैलांपर्यंत कोणाकोणाची घरे आहेत.