जाड अक्षराचें मार्दव

जाड अक्षर दुरून दिसतें खरें, पण पुष्कळदां तें वाचकावर ओरडल्यासारखेंही वाटतें. दृष्टि वेधावी आणि मन मात्र दुखवूं नये, हा जाहिरातीच्या मुद्रणांतील जुना पेंच होय. त्याचें एक उत्तर शिकागोचे अक्षरकार ऑस्वल्ड कूपर (१८७९–१९४०) यांच्या 'कूपर ब्लॅक' या रोमन अक्षरवळणांत सांपडतें. बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कारखान्यानें तें १९२२ सालीं बाजारांत आणलें.

या वळणांत अक्षराचा दांडा अतिशय जाड, पण टोकें, कोपरे आणि तळ सर्व गोल आहेत. त्यामुळें काळा भार असूनही कठोरपणा जाणवत नाहीं. कोपरे मुळांतच बोथट असल्यानें शाई थोडी पसरली तरी रूप बिघडत नाहीं. तळ गोल असल्यानें ओळींतील किंचित् चढउतारही डोळ्यांस खुपत नाहीं. म्हणून दुकानाची पाटी, मालाचें वेष्टन व मथळा यांस तें शोभतें. 'बीच बॉईज' या अमेरिकन गायकवृंदाच्या १९६६ सालच्या 'पेट साउंड्स' या तबकडीच्या वेष्टनावरही तेंच आहे.

परंतु याच जाडपणामुळें अक्षराच्या पोटांतील पोकळी लहान उरते. बारीक आकारांत ती बुजते आणि सलग मजकूर काळ्या डागांची रांग भासतो. यास्तव शब्द थोडे, आकार मोठा आणि सभोंवार मोकळी जागा, एवढें पथ्य पाळावें. शोकवार्तेस वा धोक्याच्या सूचनेस हें हंसरें अक्षर लावूं नये. शब्द एक सांगतात आणि अक्षर दुसरेंच सुचवितें, तेव्हां वाचकाचा विश्वास ढळतो.