पळताना धाप लागते, म्हणजे दमा आहे का?

वर्क फ्रॉम होम मिळालं, लोणारला घरी आलो आणि पहाटे विवराच्या काठाने पळायला लागलो. दोन मिनिटांत छातीचा भाता. आईला दमा आहे, म्हणून डोक्यात एकच : आपल्यालाही लागला? घरी बोललो नाही, गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. तपासून म्हणाले, "दमा नाही. तू जोरात पळतोस."

आपल्याला वाटतं ऑक्सिजन संपला. पण निरोगी माणसाच्या रक्तात तो पळतानाही जवळपास तेवढाच असतो. स्नायू जास्त कार्बन डायऑक्साइड तयार करतात, तो बाहेर टाकायला श्वास वाढतो. वेग झेपेनासा झाला की रक्त जरा आम्लधर्मी होतं आणि मेंदू श्वास आणखी वाढवतो. सर्व्हर पडलेला नसतो, फक्त लोडचा अलर्ट वाजतो. आणि उंचीचं कारण सांगू नका, लोणार काही महाबळेश्वर नाही.

मग मी १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं सुरू केलं. पळता पळता अख्खं वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. सुरुवातीला धारेकडे निघालेल्या आज्या मला मागे टाकायच्या, खरंच! काही आठवड्यांत हृदय आणि स्नायू सरावतात. फुप्फुसं फारशी बदलत नाहीत.

मात्र श्वासात शिट्टी वाजली, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा थांबल्यावरही खोकला राहिला, तर थेट डॉक्टर गाठा.

शेवटी आईला सांगितलं. तिने आधी पाठीत धपाटा घातला, मग विचारलं, "किती दिवस एकटाच घाबरत होतास?"