टर्बोतल्या धुराची चोरवाट

डिझेल गाडी निळा धूर सोडू लागली की गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं : 'टर्बोचा सील गेला.' मेस्त्री हवेचा पाइप काढतो, आतलं ऑइल बोटावर घेऊन दाखवतो, टर्बोचं चाक धरून हलवतो आणि म्हणतो, "शाफ्टला प्लेसुद्धा आलाय बघा." मालक मनातल्या मनात हिशेब मांडू लागतो. अडचण एवढीच, की आपण ज्याला ऑइल सील म्हणतो तसला रबरी सील टर्बोच्या मुख्य शाफ्टवर धुराच्या बाजूला मुळात बसवलेलाच नसतो. आणि हाताला जाणवणारा थोडाफार आडवा प्ले कोऱ्या टर्बोतही असतो, कारण त्याचं बेअरिंग तेलावर तरंगणारं असतं. इंजिन बंद असताना ते तेल तिथे दाबाखाली नसतं.

टर्बोची कल्पना सव्वाशे वर्षांच्या घरातली आहे. इंजिनातून वाया जाणारा तापलेला धूर एका चाकावर (टर्बाइन) सोडायचा आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या चाकाने (कंप्रेसर) ताजी हवा दाबून सिलिंडरात कोंबायची. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचं पेटंट घेतलं, १९२०च्या दशकात ती जहाजांवर चढली आणि १९६२ साली अमेरिकेत प्रवासी मोटारींत आली. कल्पना सोपी असली तरी एकाच शाफ्टवर एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला ताजी हवा आणि मधोमध वाहतं तेल, अशा तिघांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं, तेही शाफ्ट फिरत असताना, हे काम सोपं नाही.

मोटारीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड लाख फेरे सहज घेतो; छोट्या टर्बोत हा आकडा दोन लाखांच्याही वर जातो. सीलच्या जागी शाफ्टचा व्यास १७ मिलिमीटर धरला, तर दीड लाख फेऱ्यांना त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे १३० मीटर, म्हणजे ताशी जवळपास ४८० किलोमीटर वेगाने सरकतो. साध्या रबरी सीलची धाव सेकंदाला १५ मीटरच्या आसपास संपते, महागड्या फ्लोरोरबराची ३५-४० वर. शिवाय हाकेच्या अंतरावर टर्बाइनचं चाक. डिझेलमध्ये तिथला धूर ८०० अंशांपर्यंत जातो, पेट्रोलमध्ये हजाराला टेकतो. अशा जागी शाफ्टला घासून बसणारं काहीही टिकणार नाही.

म्हणून तिथे बसते एक धातूची कडी, पायातल्या जोडव्यासारखी एका जागी चिरलेली. वाफेच्या इंजिनाच्या पिस्टनसाठी अशी चिरलेली रिंग १८५०च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे अभियंत्याने आणली. त्याआधी पिस्टनभोवती तागासारख्या वाखाचं पॅकिंग ठासत. टर्बोत तिचं काम मात्र थोडं उलटं आहे. शाफ्टवर एक खोबण असते, त्या खोबणीत रिंग बसते, पण ती शाफ्टला धरत नाही. स्वतःच्या ताणाने ती बाहेरच्या घराला घट्ट चिकटून स्थिर राहते आणि शाफ्ट खोबणीसकट तिच्या आत फिरतो. सुरुवातीच्या काही क्षणांत तिची कड खोबणीच्या भिंतीला लागते, तेवढी झिजते आणि मग मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी फट उरते. ही फट जाणूनबुजून ठेवलेली असते.

फट आहे म्हटल्यावर गळतीही आहेच. पण तिची दिशा ठरलेली असते. टर्बाइनच्या बाजूला धुराचा दाब वातावरणाच्या दुप्पट-तिप्पट, कंप्रेसरच्या बाजूला दाबलेली हवा आणि मधल्या बेअरिंगच्या घरात जवळपास बाहेरच्या हवेएवढाच दाब. त्यामुळे दोन्हीकडून वायू आत घुसतो, तेल बाहेर येत नाही. आत आलेला धूर तेलाबरोबर खाली क्रँककेसमध्ये उतरतो, तिथून ब्रीदरच्या नळीने इनटेककडे जातो आणि सिलिंडरात पुन्हा जळतो. तेलाला रिंगपासून लांब ठेवायला शाफ्टवर एक कड असते. ती तेल भिंतीवर उडवते आणि फेसाळलेलं तेल केवळ वजनाने जाड नळीतून खाली वाहतं.

मग तेल बाहेर येतं कधी? हे दाबांचं गणित फिरलं की. एअर फिल्टर चोंदला तर कंप्रेसरच्या तोंडाशी ओढ तयार होते आणि इंजिन आयडलवर असताना तेल तिकडे खेचलं जातं. परतीची नळी वाकली, गॅस्केटला लावलेला सिलिकॉन आत लोंबला किंवा ब्रीदर बुजला, तर तेल बेअरिंगच्या घरात साचतं आणि रिंगच्या फटीतून वाट काढतं. अशा गाडीत नवा टर्बो बसवला तरी तोही ऑइल मारणार. माझ्या मते सील बदलण्याआधी या तीन गोष्टी न तपासणारा मेस्त्री गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालतो.

मोठ्या जहाजांच्या टर्बोत जागा मुबलक, त्यामुळे तिथे चक्रव्यूहासारखा सील चालतो. धारदार कडांची रांग, प्रत्येक कडेपाशी दाब थोडा उतरतो, आणि मधोमध कंप्रेसरमधली स्वच्छ हवा सोडून धूर मागे रेटतात. मोटारीत एवढी ऐसपैस मांडणी परवडत नाही. रिंगचा खरा वैरी मात्र चालकाच्या हातात असतो. घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद केलं की तेलाचा प्रवाह थांबतो, चाकातली धग शाफ्टवरून आत सरकते आणि उरलेलं तेल खोबणीत जळून कोळसा होतं. त्यात रिंग अडकते. मिनिटभर आयडल ठेवा, ही सूचना त्यासाठीच.

हा झाला पळणारा शाफ्ट. धुराची बाहेरची चोरवाट मात्र बहुतेकदा दुसऱ्याच, जवळजवळ न हलणाऱ्या शाफ्टपाशी असते. दाब फार वाढू नये म्हणून टर्बाइनला वळसा घालून धूर सोडणारी एक झडप असते, वेस्टगेट. किंवा धुराचा झोत वळवणारी फिरती पाती असतात. त्यांना हलवणारा दांडा टर्बाइनच्या घराच्या भिंतीतून आरपार जातो. आत धगधगता धूर, बाहेर बॉनेटखालची हवा. दांडा थोडासाच फिरतो, पण धुराच्या धक्क्यांनी सतत थरथरतो. वंगण घालावं तर ते जळून जातं. घट्ट बसवावा तर १० मिलिमीटरचा पोलादी दांडा ८०० अंश तापला की सुमारे ०.१३ मिलिमीटर फुगतो. तो ज्यात बसतो तो बुशही फुगतो, पण दोघं एकाच वेळी, सारखेच तापतील याची खात्री नाही. म्हणून तिथेही फट ठेवावीच लागते.

इथली गळती आत न जाता थेट बाहेर पडते, आणि हा धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेलच्या काजळी-फिल्टरपर्यंत पोचलेलाच नसतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांत डिझेल मोटारीच्या काजळीची मर्यादा किलोमीटरमागे ४.५ मिलिग्रॅम आहे. बीएस-४ मध्ये ती २५ होती. एवढ्या तंग हिशेबात भिंतीतली फटही मोजावी लागते. मग दांड्यावरही एक-दोन चिरलेल्या रिंगा घालतात, किंवा दांड्याचा खांदा बुशच्या तोंडावर टेकवून आतल्या धुराच्याच दाबाने तो दाबून धरतात. काही रचनांत एक स्प्रिंग मदतीला असते. बुश कोबाल्टच्या मिश्रधातूचा केला, तर उष्णतेत त्यावर ऑक्साइडचा गुळगुळीत थर चढतो आणि तोच वंगणाचं काम करतो.

तरीही बुश झिजतोच. फट वाढली की थंड इंजिन सुरू करताना वेस्टगेट किणकिणतो. फार घट्ट झाली की झडप अडकून दाब भलताच चढतो. बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात टर्बाइनच्या घराबाहेरचा छोटा लिव्हर पाहावा. तो जिथे भिंतीत शिरतो तिथे काळ्या काजळीचा ओघळ दिसला, तर धूर तिथूनच येतोय.